मधल्याने हाक द्यायची

१

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही टॅनर तलावावर मुक्कामाला जातो. तोवर बर्फ वितळून पाणी मोकळं झालेलं असतं आणि रक्त पिणाऱ्या काळ्या माश्या अजून उठलेल्या नसतात. उत्तर न्यूयॉर्कमधल्या ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात वर्षातून असे थोडेच दिवस मिळतात. ते घरात बसून घालवणाऱ्याला आम्ही शहरातला समजतो.

यंदा जायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण माझ्या नवऱ्याने, अल्डेनने, मला न विचारताच होडी गाडीच्या टपावर चढवून बांधली.

"एक अट आहे," तो दोरीला गाठ मारत म्हणाला. "कंपनीचं नाव काढायचं नाही."

"मी कुठे काढते? तीच माझ्या डोक्यात येऊन बसते."

"मग तिला शेजाऱ्यांकडे ठेव. कुत्र्याला ठेवतोयच."

कंपनी म्हणजे त्या तलावावरचं धरण चालवणारी वीज कंपनी. गेल्या वसंतात आमचा मुलगा रेमी एकटाच त्याची छोटी होडी घेऊन टॅनरवर गेला होता. कंपनीने इशाऱ्याचा भोंगा न वाजवता धरणाची दारं उघडली. होडी धरणाअलीकडच्या ओंडक्यांच्या अडसराशी उलटी सापडली. रेमी सापडला नाही. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की सदर तरुणाने तरंगजाकीट घातलं नव्हतं, निष्काळजीपणा त्याचाच. सदर तरुण! सव्वीस वर्षांचा होता, पाण्यावर वाढला होता, आणि त्याचं नारिंगी जाकीट आमच्या दारामागच्या खुंटीवर नाही. ते त्याने घातलं नव्हतं तर गेलं कुठे? मी हे सुनावणीत विचारलं तेव्हा कंपनीचा वकील हसला. रिकामी खुंटी हा पुरावा होत नाही म्हणाला.

मी आयुष्यभर बातमीदारी केली. गावच्या साप्ताहिकात, जिथे ज्याच्याविरुद्ध लिहायचं तोच माणूस किराणा दुकानात रांगेत पुढे उभा असतो. मला पुरावा म्हणजे काय ते शिकवायला वकील लागत नाही. मला रेमी हवा होता, आणि तो नाही तर ते जाकीट.

अल्डेनला यातलं काहीच नको होतं. वर्षभरात तो इतका कमी बोलला होता की होडीला गाठ मारताना त्याने केलेला तो कुत्र्याचा विनोद ऐकून मी मुकाट गाडीत जाऊन बसले.

२

आमची होडी देवदाराच्या पट्ट्यांची. अल्डेनने स्वतः बांधलेली. तो पुढे बसतो, मी मागे. दोघं एकेक वल्हं घेऊन विरुद्ध बाजूंना मारतो. असं मारत राहिलं की होडी हळूहळू एकीकडे वळू लागते. मग कुणीतरी ओरडायचं, "हट!" की दोघांनी एकदम बाजू बदलायची, लय न मोडता. इथले सगळे असंच वल्हवतात. ओरडणं मागच्याचं काम.

आमच्या घरात मात्र ते मधल्याचं. रेमी लहान असताना मधल्या फळीवर बसायचा. वल्हं द्यायला तो छोटा, आणि नुसता बसवावा तर होडी हलवणारा. म्हणून अल्डेनने त्याला हे काम दिलं. मधल्याने हाक द्यायची. तो इतक्या ऐटीत द्यायचा की आमचे हात त्याच्या आवाजाला बांधले गेले. मेंदूला कळायच्या आधी हात बदलायचे. मोठा झाल्यावर तो स्वतःची होडी घेऊन पुढे जायला लागला आणि हाक माझ्याकडे आली.

शनिवारी सकाळी तलावावर धुकं होतं. अल्डेनची पाठ दिसत होती, त्याच्या पलीकडे होडीचं टोकही नाही. संथ पाणी, वल्ह्यावरून गळणारे थेंब, लांब कुठेतरी लून पक्ष्याचं रडणं. वल्ही एका ठेक्यात पडत होती. वर्षभरात पहिल्यांदाच माझं डोकं रिकामं झालं. मी भांडत नव्हते, कुणाला उत्तरं देत नव्हते. किनाऱ्याचा खडक होडीखाली खरखरला तेव्हा मला वाईट वाटलं.

अल्डेन उतरला. त्याचा चेहरा सैलावला होता.

"छान आणलीस," तो म्हणाला. "किती दिवसांनी हाक दिलीस. मला वाटलं होतं तुला जमणार नाही."

"मी कुठे दिली? तूच देत होतास."

"मी?"

"बरं वाटलं मला. म्हणून बोलले नाही."

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. "ओडेट, मी तोंडसुद्धा उघडलं नाही."

आम्ही वाद घातला. लग्नाला इतकी वर्षं झालेली माणसं घालतात तसा, सामान उतरवता उतरवता. शेवटी मी निकाल दिला: सवयीने मीच पुटपुटले असणार. अल्डेनने तो मान्य केला. मला मात्र आठवून बघताना एवढंच आठवत होतं की हात बदलले होते, पुन्हा पुन्हा, आणि त्या प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, चला, कुणीतरी आहे.

३

टॅनरच्या काठावर ओंडक्यांची खोपटी आहेत. तीन भिंती, उतरतं छप्पर, चौथी बाजू पाण्याकडे उघडी. आत लाकडी जमीन, समोर दगडांची चूल. आम्ही नेहमीचं खोपटं घेतलं. आत शिळ्या धुराचा आणि उंदरांचा वास होता. मी फांदीने जमीन झाडली, अल्डेनने खारवलेलं डुकराचं मांस तव्यावर टाकलं. ऊन पडलं. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की मला त्याचा राग यायला लागला.

दुपारी हायरम आला. तो आमच्या गावातला म्हातारा, इंजिनाच्या छोट्या नावेतून मासे धरत फिरतो. कॉफीच्या वासावर येतो आणि गळ टाकायला आलो म्हणतो.

"पेपरवाली दिसत्येय," तो नावेतूनच ओरडला. "माझा फोटो छापायचा राहिलाय अजून."

"काहीतरी गुन्हा कर, पहिल्या पानावर घेते."

"तुझी कॉफी पितो, तो गुन्हा नाही होय?" तो वर आला, कप घेतला, अल्डेनच्या शेजारी टेकला. रेमीचं नाव त्याने घेतलं नाही, पण अल्डेनच्या गुडघ्यावर एकदा हात ठेवला. मग होडीकडे बघून म्हणाला, "सकाळी धुकं उठत होतं तेव्हा लांबून दिसलात. केवढी दबली होती रे होडी मधे! सासूला घेऊन निघालात काय?"

अल्डेन हसला नाही. मी हसले, आणि हायरम गेल्यावर होडीपाशी गेले.

देवदारावर पाण्याची ओली रेघ उमटते. मला ती रेघ पाठ आहे. दोघं आणि दोन पिशव्या असं वजन असलं की ती खालच्या तिसऱ्या पट्टीच्या जोडावर येते. आता ती त्याच्या वर होती, टोकांना थोडी आणि मध्यावर चांगली वीतभर. सुकत चालली होती, पण होती. मी वाकून आत हात फिरवला. कुठे चीर नाही, तळाशी पाणी नाही. लाकूड भिजून फुगतं, मी स्वतःला सांगितलं. हिवाळाभर होडी पडून होती. वार्निश गेलं असेल. मी असली तीन कारणं काढली आणि तिन्हींवर माझा विश्वास बसला नाही. माझ्या हाताखालच्या पोराने अशी बातमी आणली असती तर मी तिला केराची टोपली दाखवली असती.

मी परत आले तेव्हा अल्डेन खोपट्याच्या कडेला बसून पाण्याकडे बघत होता.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"होडी जड लागत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू ती तपासली असतीस," तो म्हणाला.

४

तपासलीच. संध्याकाळी, ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर असताना, मी त्याला होडीत बसवलं. आकाश स्वच्छ होतं, पाणी काचेसारखं. पिशव्या खोपट्यातच ठेवल्या. मधे फक्त फळी.

"तोंडात पाणी धर," मी सांगितलं. "मीही धरते. मग बघू कोण बोलतं ते."

"आपण काय लहान आहोत?"

"धर."

तलावाचं पाणी इतकं गार होतं की दात कळवळले. आम्ही गाल फुगवून निघालो, दोन म्हातारे मूर्ख. अल्डेनची पाठ माझ्यासमोर, आणि आमच्या दोघांच्या मधे ती रिकामी फळी, तिच्यावर तिरकं ऊन. मी नजर फळीवरून हलवली नाही. वल्ही पडत होती. पाणी माझ्या तोंडात कोमट व्हायला लागलं. काही झालं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं एकटं वाटलं की डोळे भरून आले.

"हत!"

हात बदलले. माझे आणि त्याचे, एकदम, बिनचूक. वल्ही दुसऱ्या बाजूला पाण्यात गेली आणि होडी सरळ चालत राहिली.

फळीवर ऊन होतं. दुसरं काही नव्हतं. पण हाक तिथूनच आली होती, माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावरून. ऐटबाज हाक. हट नव्हे, हत. पुढचे दात पडलेल्या पोराची.

अल्डेनने पाणी थुंकलं. त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय ते पाठीवरून कळेना. त्याने मागे वळायला सुरुवात केली तशी मी ओरडले, "पुढे बघ! होडी उलटेल."

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"ओडेट, तोच आहे. तोच."

मी होडी किनाऱ्याला लावली. मग चुलीपाशी, लाकडं रचताना म्हणाले, "रेमीला दात येऊन वीस वर्षं होऊन गेली."

"मग?"

"मग तो सव्वीस वर्षांचा गेला. दाढी होती त्याला. आवाज तुझ्यासारखा घोगरा. हा कोण आहे?"

"आपल्याला आठवतो तसा आलाय."

"तुला तसा आठवतो. मला दाढीवालाही आठवतो. बुटांनी चिखल आणणारा, माझ्या लेखांतल्या चुका काढणारा. तो कुठे आहे? माझा तो गेलाय, अल्डेन. मला तो हवाय."

"तू ना," तो शांतपणे म्हणाला, "देव जरी समोर आला तरी त्याच्याकडे ओळखपत्र मागशील."

"मागेन. त्याने भोंगा का वाजवला नाही तेही विचारेन."

तो उठून पाण्याकडे गेला. मी त्याच्या पाठीला म्हणाले की हे जे काही आहे त्याला नेमकं ठाऊक आहे, कोणत्या आवाजाला आपण नाही म्हणू शकत नाही. मला त्याचीच भीती वाटते. त्याने ऐकलं असेल. पण वळला नाही. पाण्याच्या कडेशी उभा राहून तो हलक्या आवाजात काहीतरी बोलत होता, वर्षभरात माझ्याशी बोलला नव्हता इतकं.

५

रविवारी सकाळी पुन्हा धुकं आलं. मी म्हटलं, ते उठेपर्यंत थांबू. अल्डेनने ऐकलं नाही. त्याने होडी भरली होती. एक पिशवी पुढच्या टोकाला दाबून, एक माझ्या पायांशी. मधली फळी त्याने मोकळी ठेवली होती, आणि पुसलीही होती. ती पुसलेली फळी बघून मला भांडवेना.

मी मनात बेत केला होता. उजवा किनारा ऐकू येईल इतकाच दूर ठेवायचा, आणि हाक आपणच द्यायची, आधी, मोठ्याने.

"हट!" मी ओरडले.

मी बाजू बदलली. अल्डेनने बदलली नाही. दोघांची वल्ही एकाच बाजूला पडली, होडी कलंडल्यासारखी झाली आणि टोक फिरलं.

"अल्डेन!"

"तुझी पाळी नाही," तो म्हणाला.

मला परत बाजू बदलावी लागली, नाहीतर दोघंही पाण्यात गेलो असतो, आणि मे महिन्यातलं ते पाणी माणसाला फार वेळ देत नाही. मग हाक आली. हत. आम्ही बदललो. पुन्हा आली. बदललो. मी तीनदा तिच्याहून मोठ्याने ओरडून पाहिलं. तिन्ही वेळा माझं वल्हं एकटं पडलं. शेवटी मी गप्प झाले आणि हात त्या हाकेच्या स्वाधीन केले. सांगायला हरकत नाही, सुख वाटलं. अल्डेनची पाठ पुन्हा सरळ झाली होती. लहानपणी रेमीला घेऊन जायचो तेव्हा असायची तशी.

वल्हवणाऱ्या कुणालाही विचारा, हाक देणारा होडी चालवतो. एका बाजूला जास्त वेळ मारायला लावलं, दुसऱ्या बाजूला कमी, की होडी वळते, हळूच, वल्हवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. धुक्यात तर नाहीच. उजव्या किनाऱ्याचा आवाज, झाडांतून पाझरणारं बर्फाचं पाणी, तो कधीच थांबला होता. मी ते ऐकलं नाही. मी ऐकलं ते दुसरंच, समोरून. जाड, एकसुरी, जमिनीतून आल्यासारखं. धरणाची दारं उघडी होती. भोंगा या वेळीही वाजला नव्हता.

"अल्डेन, थांब. आपण धरणाकडे जातोय."

तो मारत राहिला.

"अल्डेन, तो आपल्याला धरणाकडे नेतोय!"

"त्याला काहीतरी दाखवायचंय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मला माझाच वर्षभराचा आवाज ऐकू आला. "तूच विचारत होतीस ना, कुठे आहे, कुठे आहे? तो सांगतोय तर येत नाहीस होय?"

पाणी आता होडीला आपणहून ओढत होतं. धुकं तिथे विरळ झालं. ओंडक्यांचा अडसर दिसला, साखळीने एकमेकांना बांधलेले काळे ओंडके, त्यांच्यावर साचलेला फेस आणि फांद्या. आणि दोन ओंडक्यांच्या मधे, पाण्याखाली हातभर, काहीतरी नारिंगी.

मला एवढंच दिसलं. मी रंग पाहिला. तो रंग खालीवर होत होता, श्वास घेतल्यासारखा. पट्टा होता का? बाही नसलेला खांदा होता का? शपथेवर मला सांगता येणार नाही. कॅमेरा माझ्या पायाशी पिशवीत होता. हात वल्ह्यावर होते. फोटोला एक हात लागला असता, दोनचार क्षण लागले असते, आणि तेवढ्यात पाण्याने आम्हाला त्या ओंडक्यांखाली नेलं असतं. अल्डेनने आपलं वल्हं उचलून मांडीवर ठेवलं होतं. तो वाकून बघत होता. त्याचा एक हात पाण्यात गेला होता.

"हत," माझ्यासमोरून आवाज आला. आता हळू. लाडाने.

हात बदलायला निघाले. मी ते बदलू दिले नाहीत. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही. मी वल्हं त्याच बाजूला रोवलं आणि उलटं मारलं, पुन्हा मारलं, खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं तरी मारलं. हाक येत राहिली. हत. हत. मी मोठमोठ्याने म्हणत होते, नाही, नाही, नाही. एखाद्या हट्टी पोराला म्हणावं तसं.

"अल्डेन, हात आत घे. मला मदत कर."

"तो तिथे आहे, ओडेट."

"असेल. तू इथे आहेस. मला मदत कर. मी एकटी नाही नेऊ शकत."

तो हलला नाही. मग मी जे बोलले ते मी रागाने बोलले नाही. माझ्यात राग उरला नव्हता. मी म्हटलं, "तू गेलास तर मी कुणाजवळ त्याचं नाव काढू?"

त्याने हात पाण्यातून काढला. वल्हं उचललं. कुठल्या बाजूला मारायचं ते त्याला कळेना, तो लहान मुलासारखा थांबला, मी सांगितलं, डावीकडे, आणि तो मारू लागला. होडी तिरकी झाली, अडकल्यासारखी थरथरली आणि सुटली. मधल्या फळीवरून आता हाक येत नव्हती. होडी हलकी झाली होती. इतकी हलकी की वाऱ्याच्या झुळकेनेही टोक इकडेतिकडे व्हायला लागलं. धुकं आमच्या मागे मिटलं. गर्जना मंदावली.

तेव्हा ती हाक आली. मागून, ओंडक्यांच्या बाजूने. या वेळी पोराची नव्हती. घोगरी होती, दमलेली, पुरुषाची.

"आई?"

एकदाच. प्रश्न विचारावा तशी.

अल्डेन रडत होता आणि वल्हं मारत होता, दोन्ही एकाच लयीत. त्याने न वळता विचारलं, "काही ऐकलंस?"

"नाही," मी म्हणाले. "मार."

आणि तो मारत राहिला, आणि मीही.